डार्क फँटसी सिनेमातला देव: भीतीनं श्रद्धा खोल होते की मागं जाते?

मार्कंडेय_काठ (बेळगाव)

विषय थेट मांडतो. गेल्या काही वर्षांत आपल्या पडद्यावर धर्माविषयी सगळ्यात गंभीर बोलणं डार्क फँटसी, म्हणजे भय आणि अद्भुत एकत्र आणणाऱ्या सिनेमानं केलंय, असं माझं ठाम मत आहे. पौराणिक मालिका आणि आजकालचे भक्तिपट त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. २०१८ चा 'तुंबाड', २०२२ चा 'कांतारा' आणि २०२४ चा मल्याळम 'ब्रमयुगम' हे तीन समोर ठेवून बोलतोय. कथा उघड होणार आहेत, ज्यांना आधी पाहायचे असतील त्यांनी इथंच थांबावं.

'तुंबाड' मधली देवी समृद्धीची. तिचं पहिलं लेकरू हस्तर. त्यानं आईचं सोनं लुटलं, मग धान्यावर हात टाकला, तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईनं त्याला पोटात लपवून वाचवलं, एका अटीवर: त्याची पूजा कुणी कधी करायची नाही. आणि माणसानं नेमकं त्याचंच देऊळ बांधलं! १९१८ ते १९४७ या काळातली ही गोष्ट. मोठा झाल्यावर विनायकराव त्या देवीच्या गर्भात उतरत राहतो. पिठाचं रिंगण, कणकेची बाहुली, ठरलेली वेळ, सगळं एखाद्या कर्मठ पुजाऱ्यासारखं पार पाडतो. विधीत कुठं कसूर नाही, भक्तीचा मात्र थेंब नाही. आपण देवळात जाऊन जे करतो त्याची इतकी निर्दय तपासणी मी कुठल्या कीर्तनातही ऐकली नाही. शिवाय हस्तर हा काही नुसता राक्षस नाही. तो भुकेला आहे. धान्य त्याला कधी मिळालंच नाही. राक्षस शोधायचा असेल तर तो दोरावरून खाली उतरणाऱ्या माणसात सापडतो.

'कांतारा' चा प्रश्न वेगळा, पण मुळाशी तोच. राजाला मनःशांती हवी, दैवाला, म्हणजे तिथल्या लोकांच्या राखणदार देवाला, आपल्या लोकांसाठी जमीन हवी, आणि १८४७ साली दोघांत करार होतो. पुढं राजाचा वंशज जमीन परत मागायला कोर्टात जातो आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर रक्त ओकून मरतो. देवाशी केलेला करार सरकारी कागदाच्या वरचा असतो का, हा प्रश्न तिथं उभा राहतो. आपण नवस बोलतो, गाऱ्हाणं घालतो, तेव्हा हाच व्यवहार करत असतो. भक्तिपटात देव हाक मारल्यावर धावून येतो आणि गोष्ट संपते. देणं थकलं तर काय, हे तिथं कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं एवढंच की श्रद्धेतून भीती वजा केली तर उरतं ते गोड गोड चित्र. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर भंडारा उधळणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत प्रेम असतं तसा धाकही असतो. हा धाक पडद्यावर खरा उतरवला तो या सिनेमांनी.

वारीचा_पाईक (खानापूर तालुका)

पोराबाळांना शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून हे वाचून गप्प बसवलं नाही. मार्कंडेय, तुम्ही चांगलं लिहिता, पण ज्याला तुम्ही गांभीर्य म्हणता ती मला परतीची वाट वाटते.

भीतीचा देव या मातीला नवा नाही. तो इथं आधीपासून होता. करणी, भानामती, मुंजा, देवचार, कुणाच्या शेताच्या बांधावर ठेवलेलं लिंबू. त्या जंजाळातून माणसाला सोडवायला संत आले. तुकोबा जाखाई, जोखाई, मायराणी, मेसाबाई अशी नावं घेऊन सांगतात की माझा देव यांतला नव्हे, तो या देवांचाही देव आहे. नवसानं पोरं होत असतील तर नवरा कशाला करावा, असं रोखठोक विचारणारा तो माणूस. सतराव्या शतकात! आणि आपण एकविसाव्या शतकात ध्वनी, अंधार आणि कोट्यवधी रुपये वापरून पुन्हा मेसाबाईकडे निघालोय.

वारकऱ्याचं देवाशी देणं काय? गळ्यात तुळशीची माळ, एकादशी, मुखी नाम. हप्ता चुकला म्हणून पांडुरंग कुणाचा गळा धरत नाही. हे ज्याला गोड गोड वाटतं त्यानं भीती संपल्यावर काय उरतं ते अनुभवलेलंच नाही.

भक्तिपटांना तुम्ही एका फटक्यात निकालात काढलंत. प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' पाहा. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याची दखल घेतली गेली ती काही चमत्कारांसाठी नसावी. त्यातली जिजाई पाहा. घरात दाणा नाही, नवरा भजनात, आणि ती बाई विठोबाशी कडाकडा भांडते. देवाशी भांडता येणं हे देवाला भिण्यापेक्षा कितीतरी खोल नातं आहे.

आणखी एक. आपण कुठं बसून हे बोलतोय तेही लक्षात ठेवा. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर, फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड पानसरे, ३० ऑगस्ट २०१५ ला धारवाडात डॉ. कलबुर्गी, तिघांनाही गोळ्या घालून मारलं. बेळगाव या गावांच्या मधोमध आहे. महाराष्ट्रानं अघोरी प्रथांविरुद्ध कायदा २०१३ मध्ये केला, कर्नाटकानं २०१७ मध्ये केला आणि तो २०२० मध्ये लागू झाला. इतकी किंमत मोजून जे मिळवलं ते एका शुक्रवारच्या खेळात घालवायचं का?

व्हन्नाट (सुळेभावीकडचा)

गुरुजी, नमस्कार. तुमचा मान ठेवून बोलूलालोय, राग धरू नका.

आमच्याकडं लक्ष्मीची जत्रा बघा की ओ. देवी रथातनं निघते, व्हन्नाट, म्हणजे देवीला नाचवत भंडारा उधळणं, होतो, भंडाऱ्यानं रस्ता पिवळा होतो, मग देवी गदगेवर, जत्रेतल्या तिच्या बैठकीवर, बसते. शेवटी तिला सीमेवर नेतात. आमच्या गावात शिवेवरची झोपडी पेटवतात आणि सगळं गाव मागं वळून न बघता घरी येतं. लहान पोरं बापाच्या खांद्यावर बसून हे बघतात. ह्याची गोष्ट काय, तर फसवून लग्न लावलेली बाई, खरं कळल्यावर स्वतःच्या हातानं घर पेटवते, आणि नवऱ्याचा रेडा होतो. मुंबईच्या कुठल्या लेखकानं लिहिली नाही ही डार्क फँटसी. आमच्या आजीनं सांगितली.

रेड्याचा बळी कायद्यानं बंद आहे, १९५९ चा कायदा आहे तो, आणि बंद झालं ते बरंच झालं. पण गोष्ट बंद होत नाही. व्हावी पण नाही. ती गोष्ट ऐकून आमच्यातला कोण लिंबू ठेवत फिरत नाही. आषाढीला वारीला जाणारेच लोक जत्रेत रथ ओढतात. गुरुजी, तुमच्या गावात पण हेच असणार की.

'कांतारा' मी कन्नडमध्येच बघितला. तुळुनाडू, म्हणजे मंगळूर-उडुपीकडचा किनारा, आमच्यापासनं किती लांब, सिनेमातला पंजुर्ली आमचा देव नाही, गुळिगा कोण ते माहीत नव्हतं. तरी शेवटच्या भागात थेटरात कोण मराठी, कोण कन्नड, सगळी एकाच वेळी गप्प झाली. असं आमच्या गावात दुसऱ्या कुठल्या कारणानं होतं का, सांगा.

निपाणीची_लेक

तिघांचं वाचलं. तिघेही देव भीतीदायक की प्रेमळ यावर बोलताय. त्या देवाची किंमत कुणी मोजली हा प्रश्न एकाच्याही मनात आला नाही.

व्हन्नाट दादा, तुमच्या आजीची गोष्ट मलाही माहीत आहे, पण तुम्ही तिचा अर्धा भाग गाळलात. फसवणूक काय होती? नवऱ्यानं जात लपवली होती. तो अस्पृश्य होता. देवीचा कोप त्याच्यावर, आणि रेडा होऊन मरायचं त्यानंच. ही गोष्ट शतकानुशतकं गावाच्या शिवेवर खेळली गेली आणि गावाच्या शिवेबाहेर कोण राहत होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. अंधाराची गोष्ट सुंदर असते म्हणून ती निष्पाप ठरत नाही.

आता सौंदत्तीचं. मार्कंडेय, भंडारा उधळणाऱ्यांच्या डोळ्यांत तुम्हाला धाक दिसला. मला तिथल्या पोरी दिसतात. डोक्यात गुंता झाला की जट आली म्हणायचं, जट आली की यल्लम्मानं बोलावलं म्हणायचं, आणि पोर देवाला सोडायची, देवदासी करायची. गळ्यात मोती बांधले की ती गावाची. मुंबई प्रांतानं १९३४ मध्ये यावर कायदा केला, तेव्हा आपला जिल्हा त्याच प्रांतात होता. तो पुरला नाही म्हणून कर्नाटकानं १९८२ मध्ये दुसरा केला. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत परडी घेऊन येणाऱ्या बाईला सगळे वाकून नमस्कार करायचे आणि तिच्या लेकीच्या बापाचं नाव शाळेत कुणी विचारू नये म्हणून मास्तर रकाना रिकामा ठेवायचे.

अंगात येणं हा डार्क फँटसीचा आवडता क्षण आहे. पार्श्वसंगीत चढतं, डोळे पांढरे होतात, प्रेक्षक शहारतो. पण ज्यांच्या अंगात येतं ते कोण असतात? तुळुनाडूत भूतकोला, म्हणजे दैव अंगात घेऊन नाचण्याचा विधी, करणारे नलिके, पंबद, परव या समाजांतले. रात्री त्यांच्या पायावर जमीनदार डोकं ठेवतो, सकाळी त्यांना ओटीवर घेत नाही. 'कांतारा' गाजल्यावर कर्नाटक सरकारनं साठीपुढच्या दैव नर्तकांना महिना २,००० रुपये जाहीर केले. चांगलंच केलं. पण सिनेमा येईपर्यंत ते कुणाला दिसले का नव्हते?

२००९ चा 'जोगवा' आठवा. राजन गवसांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांवरचा. त्यात राक्षस नाही, गर्भातली विहीर नाही, तरी तो या तिन्हीपेक्षा जास्त भयाण आहे. कारण तिथं देवीच्या नावानं माणसाचा देह कसा काढून घेतला जातो ते दिसतं. मला फँटसीचा पडदा लागत नाही. ज्यांना लागतो त्यांनी तो का लागतो याचा विचार करावा.

वारीचा_पाईक

ताई, तुमच्या एकेका वाक्याला माझी मान्यता आहे. म्हणूनच म्हणतो, संतांची वाट.

निपाणीची_लेक

गुरुजी, पालख्या आमच्या दारावरून जात होत्या तेव्हाही पोरी सोडल्या जात होत्या. चोखोबांना देवळाबाहेरच ठेवणारं पंढरपूर होतं ते. संतांवर माझा राग नाही, पण नुसत्या नामानं ती रूढी मोडली नाही. कायदा, चळवळ आणि बिडी कारखान्यातल्या बायकांची एकजूट यांनी मोडली.

जुनी_पोथी (शहापूर)

थोडं मागं जाऊन बोलतो, कारण 'तुंबाड' मधली एक प्रतिमा सगळ्यांच्या हातून निसटतेय.

देवीचा गर्भ जमिनीखाली, आणि त्यात माणूस उतरतो. ही कल्पना पटकथाकाराच्या डोक्यातून आकाशातून पडल्यासारखी आलेली नाही. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' या १९७८ च्या ग्रंथात रेणुका-यल्लम्मा, वारूळ आणि भूमी यांचं नातं उलगडून दाखवलंय. वारूळ म्हणजे भूमीची योनी, तिचं गर्भाशय. गोव्यात आणि कोकणात सांतेरीच्या देवळात गाभाऱ्यात वारूळच पुजलं जातं. घाट चढून आलं की तोच धागा आपल्याकडं रेणुकेत दिसतो. मस्तक नसलेली, प्रसवणारी, मातीची आई.

आणि रेणुकेची कथा स्वतःच काय आहे! रोज वाळूचा घडा घडवून त्यात पाणी आणणारी, सापाची चुंबळ करणारी स्त्री. नदीत गंधर्वाची क्रीडा पाहून तिचं मन क्षणभर ढळतं, घडा विरघळतो, साप निघून जातो. जमदग्नी मुलांना आईचं शिर उडवायला सांगतात. थोरले नकार देतात, परशुराम आज्ञा पाळतो. सौंदत्तीच्या परिसरातल्या परंपरेत ती कोड फुटून रानोमाळ हिंडते आणि जोगुळबावीच्या पाण्यात बरी होते, म्हणून आजही भाविक आधी तिथं स्नान करून मग डोंगर चढतात. मार्गशीर्षातल्या पुनवेला तिचं वैधव्य पाळलं जातं, बायका बांगड्या फोडतात. देवी विधवा होते आणि तिच्याबरोबर सगळा डोंगर. इतकी काळोखी, इतकी कोवळी कल्पना जगातल्या कुठल्या फँटसीत आहे ते मला दाखवा.

तर मार्कंडेय यांच्याशी मी इथपर्यंत सहमत. पुढं नाही. हस्तर हा कुठल्याही पुराणातला देव नाही, तो सिनेमासाठी रचलेला आहे. हेच 'तुंबाड' चं बळ आहे. रचलेल्या देवाच्या तोंडून माणसाच्या लोभावर काहीही बोलता येतं, कुणाच्या गाभाऱ्याला हात लागत नाही. 'कांतारा' मध्ये मात्र जिवंत दैवतं आहेत. ज्यांच्यासाठी आजही रात्रभर दिवट्या जळतात, ज्यांच्या मुखातून न्याय मागितला जातो. त्यांचा हुंकार तिकीट लावून विकला की तो करमणुकीचा होतो. २०२५ मध्ये 'कांतारा' च्या आधीची कथा सांगणारा भाग आला तेव्हा लोक थेटरात, रस्त्यावर दैवाची नक्कल करायला लागले, आणि निर्मात्यांनाच तसं करू नका असं आवाहन करावं लागलं. हे कुठल्या अध्यात्माचं लक्षण? श्रद्धेतली भीती खोल असते असं तुम्ही म्हणता. मग ज्या दैवाला लोक खरंच भितात त्याची नक्कल करायला इतकं धाडस कुठून आलं? पडद्यावर आणल्यानं धाक वाढला नाही. ओसरला.

मार्कंडेय_काठ

सगळ्यांना एकदम उत्तर देणं अवघड आहे, पण जुनी पोथी यांचा मुद्दा मला सर्वांत टोचला म्हणून तिथून सुरू करतो.

नक्कल करणारे होते, खरं आहे. पण सिनेमाला जोखायचं ते त्याच्या सगळ्यात उथळ प्रेक्षकावरून का? कीर्तनाला बसलेला माणूस पाकीटही मारतो. 'कांतारा' च्या शेवटाकडं पाहा. जमीनदाराचा निःपात गुळिगा करतो, तो रागाचा भाग. त्यानंतर दैव गावकऱ्यांचे आणि वनखात्याच्या अधिकाऱ्याचे हात हातात घेऊन छातीशी धरतं. ज्या सरकारी माणसाशी संपूर्ण सिनेमाभर वैर, त्याचाच हात. हा शेवट तिकिटासाठी लिहिलेला नाही. आपल्याकडं खानापूर, दांडेलीच्या पट्ट्यात ज्यांच्या जमिनी जंगलाच्या हद्दीत अडकल्यात त्यांना विचारा त्या दृश्याचा अर्थ.

निपाणीच्या ताईंना: बाईच्या देहाची किंमत 'कांतारा' ला दिसलीच नाही, हे तुमचं म्हणणं मान्य. नायिकेला त्यात करण्यासारखं फारसं नाही. पण 'तुंबाड' ला तो दोष लागत नाही. पहिल्या अर्ध्या तासात काय आहे? एका मोहरेच्या आशेवर 'सरकार' म्हणवणाऱ्या वाड्याच्या म्हाताऱ्या धन्याची सेवा करणारी विधवा, विनायकची आई. घरात साखळदंडात ठेवलेली, शापानं सडलेली, मरणही न येणारी म्हातारी, जिला खाऊ घालण्याचं काम त्याच विधवेचं. वाड्यातल्या सोन्याचा हिशेब आधी या दोघींच्या देहावर लिहिला जातो. आणि 'ब्रमयुगम' तर जातीवरच उभा आहे. सतराव्या शतकातला मलबार, पाणन जातीचा गायक, पडक्या वाड्यातला ब्राह्मण धनी. फाशाच्या खेळात तो गायकाचं आयुष्यच जिंकून घेतो. मग कळतं की धन्याच्या रूपात चात्तन, केरळच्या लोककथांतलं भूत, बसलाय. सत्ता ज्याच्या हाती जाते तो चात्तन होतो. 'जोगवा' मला थोर वाटतो, पण वास्तववादी सिनेमा एका बाईची, एका गावाची गोष्ट सांगतो. फँटसी त्या सत्तेला चेहरा देते. सत्तेला चेहरा दिला की तिच्याशी झगडता येतं.

व्हन्नाट (सुळेभावीकडचा)

ताई, जातीचं मी गाळलं असं तुम्ही म्हणालात. आजीनं मला तसंच सांगितलं होतं, तेवढंच मी सांगितलं. आता घरात थोरल्यांना विचारतो. पण जत्रा बंद करा असं कोण म्हणालं तर मी रथाच्या दोराजवळच उभा राहणार, हे पण सांगून ठेवतो.

कॅम्पातला (बेळगाव)

मी कॅथलिक घरातला. घरी कोंकणी, शाळा आणि मित्र मराठी. या चर्चेत माझं काय काम असं वाटलं होतं, पण एक सिनेमा कुणी काढला नाही म्हणून लिहितोय.

गिलेर्मो देल तोरो यांचा २००६ चा 'पॅन्स लॅबिरिंथ'. स्पेन, १९४४, फ्रँकोची राजवट. दिग्दर्शक मेक्सिकोतल्या कॅथलिक घरात वाढलेला. त्यात एक सैनिकी कप्तान आहे, त्याच्या मेजवानीच्या टेबलावर धर्मगुरू बसलाय, गावकऱ्यांचं रेशन कमी करण्याला मान डोलावतो. आणि दुसरीकडं जमिनीखाली एक डोळे नसलेला पांढरा राक्षस, तोही भरल्या ताटांसमोर बसलेला, लहान पोरांना खाणारा. दोन टेबलं एकमेकांशेजारी ठेवून दिग्दर्शक काय म्हणतोय ते चर्चच्या बाकावर वाढलेल्या माणसाला लगेच कळतं. मला ते पाहून चर्च सोडावंसं वाटलं नाही. उलट त्या रविवारी मी मिस्साला जास्त लक्ष देऊन बसलो.

पण माझा मुद्दा शेवटचा. फॉन, म्हणजे अर्धा बोकड अर्धा माणूस असा प्राणी, सिनेमातल्या छोट्या नायिकेला, ओफेलियाला, सांगतो, तुझ्या तान्ह्या भावाच्या रक्ताचा एक थेंब दे, तुझं राज्य तुला परत मिळेल. ती नाही म्हणते. मरते, पण देत नाही. आणि हीच खरी परीक्षा होती असं निघतं. म्हणजे त्या सिनेमात पुण्य आज्ञा पाळण्यात नाही, आज्ञा मोडण्यात आहे. वर जुनी पोथी यांनी रेणुकेची कथा सांगितली. परशुरामानं आज्ञा पाळली म्हणून तो मोठा झाला. नकार देणाऱ्या भावांची नावं मला तरी कुणी सांगितली नाहीत. 'कांतारा' चा नायकही शेवटी दैवापुढं स्वतःला रिकामं करतो. तेव्हा भीती खरी की प्रेम खरं याआधी मला विचारायचंय, देवाला नाही म्हणता येतं का?

वारीचा_पाईक

कॅम्पातल्या बाळा, तू या धाग्यातलं सर्वांत मोलाचं बोललास. आमची जिजाई हेच तर करते. आणि मार्कंडेय, बघा, तुमच्याच बाजूचा सिनेमा माझ्या बाजूचं सांगतोय. मोठेपण नकारात आहे. मग भीतीची स्तुती कशाला?

मार्कंडेय_काठ

गुरुजी, भीती नसती तर ओफेलियाच्या नकाराला वजन काय राहिलं असतं? 'तुंबाड' चा शेवट आठवा. बाप शापित होऊन वर येतो आणि मोहरांनी भरलेली पिशवी पांडुरंगापुढं धरतो. पोरगं लहानपणापासून त्या विहिरीच्या तालमीत वाढलंय, लोभ त्याच्याही रक्तात आहे. तरी तो पिशवी घेत नाही आणि बापाला पेटवून देतो. १९४७ चं साल, पोराचं नाव पांडुरंग. त्या नकारामागं सबंध सिनेमाची भीती उभी आहे म्हणून तो मला खरा वाटतो. ज्याला कधी काही गमवायचं नव्हतं त्याचा नकार स्वस्त असतो.

वारीचा_पाईक

जिजाईला गमवायला काही नव्हतं असं म्हणायचंय तुम्हाला? घरात उपाशी लेकरं होती.

निपाणीची_लेक

नकारावर आलाच आहात तर ऐका.

जट कापायला बसलेली बाई मी पाहिलीय. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या कार्यकर्त्या दोन-तीन वेळा घरी येऊन गेलेल्या, तेल, कात्री, पाण्याची बादली सगळं समोर. तिला सांगितलेलं असतं, जट काढलीस तर घरातलं माणूस जाईल, अंगाला कोड फुटेल, डोळे जातील. हे ती कथा म्हणून मानत नव्हती. कात्री लागली तेव्हा तिनं लेकीचा हात असा धरला होता की पोरीच्या मनगटावर वळ उठले. पुढचे कित्येक दिवस घरात कुणी शिंकलं तरी ती दचकायची. कार्यकर्त्या रोज येऊन बसायच्या, कारण जट काढणं तासाभराचं काम, भीती काढणं नव्हे.

तिनं देवीला नाही म्हटलं, आणि तरी पुढच्या पुनवेला डोंगरावर गेली, ओटी भरली. गुरुजी, ती तुमच्या विठोबाकडे गेली नाही. मार्कंडेय, ती धाकानंही गेली नाही. का गेलीस विचारल्यावर म्हणाली, माझं तिच्याशी भांडण नव्हतं.

हा सिनेमा मला पाहायचाय. त्यात देवी दाखवा, राक्षस दाखवा, हवं ते दाखवा, माझी फँटसीला ना नाही. पण ज्या तीन सिनेमांवर तुम्ही हा धागा काढलात त्यांचे तिन्ही दिग्दर्शक पुरुष आहेत, आणि तिन्हीत निर्णय घेणारा शेवटचा हात पुरुषाचा आहे. पांडुरंगानं पिशवी नाकारली ती तुम्हाला आठवते. त्याच्या आजीला कधी कुणी नाकारायची संधी दिली?

मार्कंडेय_काठ

दिली नाही, खरं. पण ताई, ती संधी नव्हती हे तुम्हाला आणि मला त्याच सिनेमानं दाखवलं, आणि 'कांतारा' बद्दलचं माझं मत मी अजून बदललेलं नाही. उद्या त्यातल्या वनखात्याच्या दृश्यावर सविस्तर लिहितो. जुनी पोथी, जोगुळबावीच्या परंपरेवर तुम्ही आणखी लिहा.